न धुतलेली फांदी

फोन आला तेव्हा मी आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटत होते. वसूच्या सुपरवायझर, मिस लिम बोलत होत्या. "युअर सिस्टर..." एवढं म्हणून त्या थांबल्या आणि मला कळलं. कामावर जाताना बसमध्येच वसूला हार्ट अटॅक आला होता. माझी धाकटी बहीण, वय अवघं त्रेचाळीस. आधी माझा नंबर लागायला हवा होता. दीड महिना झाला, अजून पटत नाही.

मी सिंगापूरला आले ते नवऱ्याच्या नोकरीमुळे, वसू आली ती स्वतःच्या, बँकेतल्या. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर बाईसाहेबांनी ती नोकरी सोडली आणि इथल्या एका प्राणिसंग्रहालयात निशाचर प्राण्यांची देखभाल करायला लागल्या. मी भरपूर तोंडसुख घेतलं. "एमकॉम होऊन माकडांची शी काढणार?" तर म्हणाली, "माकडं नाहीत गं, बुशबेबी. एकदा येऊन बघ तरी."

गेले एकदा. दुपारचे तीन वाजले होते आणि आत मिट्ट रात्र. या प्राण्यांचा दिवस रात्री सुरू होतो, म्हणून तिथे दिवे उलटे चालवतात, दिवसा बंद, रात्री चालू. डोळे सरावल्यावर दिसले... आफ्रिकेच्या जंगलातले खारीएवढे जीव, बशीएवढाले डोळे, पातळ कान क्षणात मिटायचे, क्षणात उघडायचे. एकानं या टोकाहून त्या टोकाला अशी उडी मारली की मी किंचाळलेच. वसू रिकाम्या पिंजऱ्यातल्या फांद्या घासून धूत होती. एक मात्र तिनं तशीच ठेवली.

"ही का राहिली?"

"मुद्दाम ठेवलीय. ते स्वतःच्या मुतात हातपाय भिजवून फांद्यांवर हिंडतात, ताई. त्या वासावरून त्यांना कळतं, हे घर आपलं. सगळंच धुतलं तर बावरतात बिचारे."

"शी!"

"घरभर गोमूत्र शिंपडणाऱ्या बाईनं शी म्हणू नये!" म्हणाली आणि पोट धरून हसली.

दर रविवारी ती कामावरून थेट माझ्याकडे जेवायला यायची. मी तिला दारातूनच बाथरूममध्ये पिटाळायचे. माझा साबण, माझा धुतलेला गाऊन तयार ठेवलेला असायचा. आंघोळ करून आली की मगच ताट वाढायचे. ती कधी कुरकुरली नाही. उलट, "आले हो, डेटॉल देवी," म्हणत सरळ आत जायची.

ती तोआ पायोहला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. तेरावा झाला, सुतक फिटलं, आणि घर मालकाला परत द्यायचं म्हणून मी पदर खोचला. चादरी, अभ्रे, टॉवेल, ओढण्या, तिची गोधडी, सगळं धुऊन काढलं. लिटिल इंडियातून गोमूत्र आणून शिंपडलं. दोन दिवस कंबर मोडेस्तोवर राबले. मग तिच्या पलंगावर बसले आणि तिची उशी पोटाशी धरून एकदा मनसोक्त रडावं म्हणून तोंड खुपसलं... तर लिंबाच्या साबणाचा वास. कपाट उघडलं, तिथेही तोच. तेव्हा ती फांदी आठवली. काय करून बसले मी! अख्ख्या घरात वसूचा एवढासाही वास शिल्लक ठेवला नव्हता.

"अगं, सगळेच धुतात," नवरा म्हणाला.

"सगळ्यांना बहिणीनं सांगून ठेवलेलं नसतं!" मी त्याच्यावरच खेकसले.

गेल्या आठवड्यात मिस लिमचा पुन्हा फोन आला. वसूचा लॉकर रिकामा करायचा होता. "युनिफॉर्म स्टिल डर्टी. वी वॉश फर्स्ट, कॅन?"

"नो! प्लीज, डोन्ट वॉश!" मी इतक्या जोरात ओरडले की त्या बिचाऱ्या घाईघाईनं "ओके, ओके" म्हणाल्या.

युनिफॉर्मचा शर्ट घेऊन एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसले. घरापर्यंत धीर धरवला नाही, तिथेच पिशवी उघडून नाकाशी धरला. शेजारचा मुलगा उठून लांब जाऊन उभा राहिला. मुताचा उग्र दर्प होता, केळ्याचा होता, घामाचा होता. त्यात माझी वसू कुठली, ते मला ओळखू येईना. येणार कसं? आंघोळीआधी तिला कधी जवळच घेतलं नव्हतं मी.

शर्ट आता माझ्या कपाटात आहे, घडी घातलेल्या साड्यांच्या मधोमध. साड्यांना वास लागतोय, लागू दे. रोज एकदा दार उघडून तोंड खुपसते. अजून ओळखता येत नाही.