फ्लेक्सवरचा चेहरा

औसा तालुक्यातली तुळजाबाई मोठी बोलकी बाई. नवरा रामलिंग तसा अबोल. शेतातली भाजी घेऊन दोघं बाजाराला जायची. बोलणं तिचं, तराजू त्याचा.

एका सकाळी चहा ठेवताना गॅसच्या नळीनं पेट घेतला. तुळजाबाईचा चेहरा, गळा भाजला. रामलिंगनं तिला गोधडीत गुंडाळून आग विझवली. त्यात त्याचे दोन्ही हात पोळले.

लातूरच्या दवाखान्यात ती पडून होती. रामलिंग औषधं आणायला खाली गेलेला. तेवढ्यात श्रीनाथ नावाचा फोटोग्राफर आला. "मावशी, एक फोटो घेऊ? भाजलेल्या बायकांना मदत मिळावी म्हणून." बोलायला ओठ उघडत नव्हते. तिनं मान हलवली.

दिवाळीनंतर जाऊ लातूरहून आली ती घाबरीघुबरी. "अक्का, बसस्टँडसमोर तुमचा फोटो लागलाय. लई मोठा."

दोघं बघायला गेली. फ्लेक्सवर तिचाच भाजलेला चेहरा, आणि खाली अक्षरं: 'नवऱ्यानं पेटवलं. तुम्ही अजून गप्प?' तुळजाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं रामलिंगला विचारलं. त्यानं हळू आवाजात वाचून दाखवलं आणि तो तिथंच फुटपाथवर बसला.

तोवर फोटो गावातल्या मोबाइलांवर फिरला होता. देगलूरच्या पाहुण्यांनी तुळजाबाईच्या लेकीची, वैष्णवीची, ठरलेली सोयरीक मोडली. तुळजाबाई घरोघर सांगत फिरली, "ह्यांनीच मला वाचवलं." बायका ऐकून घ्यायच्या. ती वळली की म्हणायच्या, "भीतीपोटी बोलायलीय बिचारी."

तिनं श्रीनाथला शोधून काढलं.

"खालचे शब्द फ्लेक्स लावणाऱ्या संस्थेचे आहेत, मावशी. मी फक्त फोटो दिला," तो म्हणाला. "जनजागृतीसाठी होतं. तुमचा चेहरा म्हणजे तुमच्यासारख्या कितीतरी बायकांचा."

"त्यांचं दुःख खोटं न्हाई, बाबा. पण माझ्या घरात तसं घडलं न्हाई. मला कसं भाजलं, हे तू इचारलंस का?"

श्रीनाथनं तिथंच संस्थेला फोन लावला. दोन दिवसांत फ्लेक्स उतरला. मोबाइलांतला फोटो कोण उतरवणार?

रामलिंगनं बाजार सोडला, मग पारावर बसणंही सोडलं. कुणी हाक मारली तरी मान वर करायचा नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेतातच त्याच्या छातीत कळ आली. औशाला नेईपर्यंत संपला.

मातीला आलेल्या एका म्हातारीनं तुळजाबाईच्या पाठीवरून हात फिरवला. कानाशी म्हणाली, "सुटलीस गं बाई."

तुळजाबाईनं तो हात बाजूला सारला. "माझं माणूस गेलंय," ती म्हणाली. "उठा, जावा माझ्या दारातून."

म्हातारी गेली. बाकीच्या बसून राहिल्या, पण फ्लेक्सवरचं ते खोटं होतं असं एकीच्याही तोंडून निघालं नाही.