चौथ्या मजल्यावरचं दार

थोरल्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ऑफिसच्या जिन्यात उकिडवी बसून पायरी मोजत होती.

सकाळचे पावणेदहा झाले होते. थोरले रोजच्यासारखे एका हातात डबा आणि बगलेत नकाशांची गुंडाळी घेऊन वर चढत होते. वाटेत ही बाई. चाळिशी ओलांडलेली, खांद्याला पिशवी, दातांत पेन्सिल, हातात लोखंडी टेप. तिने अंग चोरून वाट दिली, पेन्सिल काढली आणि ओळख ना पाळख, सरळ सांगून टाकलं, "ही दहावी पायरी बाकीच्यांपेक्षा दीड सेंटिमीटर उंच आहे. इथे रोज कुणीतरी ठेचकाळत असणार."

रोज ठेचकाळणारे ते कुणीतरी म्हणजे खुद्द थोरलेच. बावीस वर्षं ते त्या पायरीवर अडखळत होते आणि दोष चपलांना देत होते. शिवाय तो जिना नकाशावर त्यांनीच काढलेला होता.

"बराच वेळ दिसतो तुमच्याकडे, लोकांचे जिने मोजायला," ते म्हणाले.

"मुलाखत दहाला आहे," ती म्हणाली. "पंधरा मिनिटं रिकामी होती."

मुलाखत अर्थातच त्यांच्याच ऑफिसात होती, आणि तिला नोकरी मिळालीही. थोरल्यांनी त्याच आठवड्यात तिचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं. ठेवलं कुजकेपणाने, पण ऑफिसातल्या सगळ्यांनी ते प्रेमाने उचललं, आणि तीही त्या नावाला ओ देऊ लागली. हासुद्धा थोरल्यांना तिचा एक अपराधच वाटला.

थोरल्यांना थोरले म्हणत, कारण ऑफिसात त्यांच्याइतकं जुनं फक्त भिंतीवरचं घड्याळ होतं. ज्यांनी हे आर्किटेक्टचं ऑफिस काढलं ते साहेब गेले. आता त्यांची मुलगी सगळं सांभाळत होती. तिला ऑफिस मॅडम म्हणायचं आणि ती थोरल्यांना काका म्हणायची, कारण फ्रॉकमध्ये असताना तिच्या रंगपेन्सिलींना टोक हेच काका करून देत. हाताखाली सहा माणसं. मॅडमच्या केबिनमधून निघालेला कागद आधी थोरल्यांच्या टेबलावर थांबे. ते तो वाचत, आणि नजर फिरली की उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकशी तारीख टाकत. छत्तीस वर्षांत ही सवय एकदाही चुकली नव्हती. तारीख पडली की कागद पुढे जाई.

मोजपट्टी आल्यावर काही महिन्यांतच कागद थोरल्यांच्या टेबलावरून न थांबता पुढे जायला लागला.

आता यात तिचा दोष काय? काही नाही. ती आर्किटेक्ट होऊन चार वर्षं नोकरी करून घरी बसली होती, कारण सासूबाई अंथरुणाला खिळल्या. घर तिसऱ्या मजल्यावर. दर पंधरा दिवसांनी सासूबाईंना खुर्चीत बसवून जिन्याने खाली न्यायचं, दवाखान्यात दाखवायचं, पुन्हा वर आणायचं. असं बारा वर्षं. सासूबाई गेल्यावर तिने पुस्तकं झटकली, परीक्षा नव्याने दिली आणि कामाला लागली. जिना कुठे वळतो, दार कुठल्या बाजूला उघडतं, कठडा हाताला कुठे सापडतो, हे तिला कोपरं खरचटून पाठ झालं होतं. साइटवरची माणसं तिला खाली उभं राहून हाका मारत. "मोजपट्टीबाई, जरा वर या!" आणि ती जायची.

थोरल्यांना हाका मारायची पद्धत नव्हती. त्यांना निरोप पाठवत.

घरी जेवताना ते बायकोला रोज काहीतरी सांगत. आज ती असं म्हणाली, आज तिने तसं केलं, आज मॅडम तिच्याच टेबलापाशी अर्धा तास उभ्या. बायको इस्पितळात नर्स होती. उभ्या दिवसाची दमलेली. एकदा ती म्हणाली, "अहो, या घरात माझ्यापेक्षा तिचंच नाव जास्त घेतलं जातं. शेजारी काय म्हणतील?"

"अगं, मी कामाबद्दल बोलतोय!"

"कळतंय मला. शाळेत बाकावरच्या जागेसाठी भांडणारी मुलं असंच बोलतात."

थोरल्यांनी भात पुन्हा वाढून घेतला आणि विषय बंद केला.

अशात वृद्धांच्या निवासाचं काम आलं. सहा मजले, नव्वद खोल्या. ऑफिसच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, तेव्हा फाटकाजवळच्या पाटीवर आपलं नाव लागणार हे थोरल्यांनी मनात पक्कं करून टाकलं होतं. पण इमारतींच्या सुरक्षेचे नियम नवीन झाले होते. उंच इमारतीला आता एक जबाबदार आर्किटेक्ट नेमायचा, आणि त्याला ते काम खरोखर येतं हे दाखवायचं. नुसती पदवी आणि वर्षं पुरेशी नाहीत. चार पानी फॉर्म होता. दोन पानं 'तुम्हाला काय येतं' याला, आणि दोन पानं 'काय येत नाही, आणि ते तुम्ही कुणाला विचारता' याला.

मॅडमनी दोघांनाही फॉर्म भरायला सांगितला. थोरल्यांनी पहिल्या पानावर 'छत्तीस वर्षांचा अनुभव' असं ठळक लिहिलं, खाली इमारतींची यादी जोडली. शेवटची दोन पानं कोरी. मोजपट्टीने ती दोन पानं गच्च भरली. धुराचा हिशेब एकटीला जमत नाही, अमक्यांना विचारते. लिफ्टच्या यंत्रातलं कळत नाही. स्वतःच केलेला बदल स्वतः तपासताना नजर चुकते, दुसरं कुणीतरी पाहायला हवं.

"हिने तर स्वतःचीच तक्रार लिहून दिली!" थोरले हसले.

तपासनीस मंडळाने जबाबदार आर्किटेक्ट म्हणून तिला नेमलं. थोरले जाब विचारायला गेले, तेव्हा मंडळातले तपासनीस चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, तुमच्या कामाबद्दल शंका नाही. पण ज्याला सगळंच येतं त्याची आम्हाला भीती वाटते."

पाटीवर तिचं नाव लागलं. त्या दिवसापासून थोरले साइटवर मागच्या फाटकाने जायला लागले. तिकडून चिखल तुडवावा लागे, पण पाटी दिसत नसे.

आणि मग एका सोमवारी त्यांना ते दार सापडलं.

पाण्याचे पाइप वर नेणारी पोकळी, म्हणजे डक्ट, चौथ्या मजल्यावर मोठी करावी लागली होती, म्हणून मोजपट्टीने तिथला नकाशा घाईत बदलून दिला होता. बदललेली प्रत थोरल्यांच्या टेबलावर आली. त्यांनी पाहिलं. बाकी सगळ्या मजल्यांवर जिन्याकडे जाणारं, आग अडवणारं जाड दार उघडलं की भिंतीतल्या कोनाड्यात जाऊन बसत होतं. चौथ्या मजल्यावर तो कोनाडा डक्टने गिळला होता. तिथलं दार उघडलं की थेट लँडिंगवर, जिना वळतो त्या सपाट जागेवर, आडवं येणार. चौथ्या मजल्याची माणसं दार उघडून बाहेर पडतायत आणि त्याच वेळी पाचव्या-सहाव्या मजल्याची माणसं खाली येतायत, म्हणजे आग लागल्यावर होतं तसं, तर त्यांना सत्तर सेंटिमीटरची फट. चाकाची खुर्ची त्यातून जाणार नाही. स्ट्रेचर तर नाहीच.

थोरल्यांनी दोनदा पट्टी लावली. सत्तर म्हणजे सत्तरच. मोजपट्टी चुकली होती, आणि तेही जिन्यात!

नियम साधा होता. ज्याच्या लक्षात दोष आला त्याने तो लगेच लेखी कळवायचा. थोरल्यांनी कोपऱ्यात तारीख टाकली, नकाशाची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये सरकवली. मंडळाची पाहणी तीन आठवड्यांवर होती. त्या दिवशी तपासनिसांचं बोट जिन्यावरून वर सरकत जाईल आणि चौथ्या मजल्यावर थांबेल. "बाई, हे काय?" हे दृश्य थोरले दिवसातून चारपाचदा पाहून घेत. बसची वाट बघताना, दाढी करताना, डबा खाताना.

त्या दिवसांत ते मोजपट्टीशी फार गोड वागले. तिच्यासाठी खुर्ची सरकवली. तिच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. तिला बिचारीला बरं वाटलं. "सर, तुम्ही रागावलाय असं वाटत होतं मला," ती म्हणाली. थोरल्यांनी तिच्यासाठीही चहा मागवला.

अकराव्या दिवशी तिने रजा घेतली. मॅडम म्हणाल्या, "काका, आज साइटवर तुम्ही जाऊन याल?"

चौथ्या मजल्यावर गवंड्यांचा मुकादम चुन्याची रेघ मारून थांबला होता. थोरल्यांना पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

"साहेब, बरं झालं तुम्ही आलात. खालच्या तिन्ही मजल्यांना कोनाडा ठेवलाय. इथे नाही. दार असं मध्येच येणार का?"

थोरले क्षणभर त्या रेघेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कागदावर आहे तसंच कर."

"तुम्ही बघितलंय ना? मग झालं," मुकादम म्हणाला आणि माणसांना ओरडला, "चला रे, साहेबांनी बघितलंय!"

या वाक्यासाठी थोरले वर्षभर तळमळत होते. त्यांचा शब्द कागदाच्या वर धरला गेला होता. ते जिना उतरायला लागले.

तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर खालून दोन मजूर लाकडी चौकट खांद्यावर घेऊन आले. "बाजूला, बाजूला!" थोरले पाठ भिंतीला टेकवून अंग चोरून उभे राहिले. चौकट वळताना एकदा त्यांच्या पोटाला घासली, पुढचा माणूस मागे आला, मागचा पायरीवर चढला, आणि कशीबशी ती निघून गेली. धडधाकट दोन माणसं होती ती, आणि लँडिंग पूर्ण मोकळं होतं. थोरल्यांना मोजपट्टीच्या सासूबाईंची बारा वर्षांची ती खुर्ची आठवली, जी त्यांनी कधी पाहिलीही नव्हती. त्यांचा हात आपोआप भिंतीवर वीत टाकत गेला. एक, दोन, तीन. तीन विती आणि चार बोटं, सत्तर झाले.

मग अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस जिना चढला. विटांचे दोन थर लागले होते.

"थांबव!" धाप लागल्याने त्यांना एवढंच बोलता आलं.

"अहो, आताच तर तुम्ही..."

"मी चुकीचं सांगितलं. पाड ते."

मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं, मग ओल्या थराला पायाने धक्का दिला.

दुपारी थोरले दोष कळवायचा फॉर्म घेऊन बसले. दोष कुठला, ते लिहिलं. कुणाच्या लक्षात आला, ते लिहिलं. पुढे दोन चौकोन होते. 'केव्हा लक्षात आला' आणि 'केव्हा कळवला'. दोन्हींत आजची तारीख टाकली असती तरी कुणी विचारलं नसतं. कुणाला कळण्याजोगं एकच होतं, ड्रॉवरमधल्या नकाशाच्या कोपऱ्यातली तारीख. आणि ती पेन्सिलीची होती. खोडरबर हाताशीच होता. थोरल्यांनी तो उचललासुद्धा. मग त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पहिल्या चौकोनात अकरा दिवसांपूर्वीचा सोमवार लिहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्म आणि नकाशा मोजपट्टीच्या टेबलावर ठेवला. तिने आधी नकाशा पाहिला. चेहरा उतरला. पट्टी लावली, पुन्हा लावली. मग फॉर्म वाचला आणि कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं.

"अकरा दिवस, सर?"

"हो."

"का?"

"माझ्या पोटात दुखत होतं," थोरले म्हणाले. "तुमच्यामुळे. वर्षभर."

तिने फॉर्म बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केलीत ना, ते मी घरी जाऊन सांगितलं होतं." एवढंच बोलून ती नकाशा दुरुस्त करायला लागली. थोरल्यांना वाटलं, ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

मंडळाने दोघांनाही बोलावलं. तिची चूक तिच्या नावापुढे नोंदली गेली, आणि यापुढे तिचा बदललेला प्रत्येक नकाशा दुसऱ्या आर्किटेक्टने तपासावा अशी अट घातली. थोरल्यांना उंच इमारतींची जबाबदारी घ्यायला तीन वर्षांची बंदी झाली. निवृत्ती दोन वर्षांवर होती, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा. मॅडमनी "काका" म्हणणं सोडलं नाही, पण पुष्कळ दिवस त्यांच्याकडे पाहून म्हटलं नाही.

महिन्याभराने मोजपट्टी स्वतःच त्यांच्या टेबलापाशी आली.

"सर, तपासायला माणूस हवाय. तपासणाऱ्याला बंदी लागू नाही, मी मंडळाला विचारलंय. बघाल का?"

"मी? मी तुमच्या वाईटावर होतो, बाई."

"चुका शोधायला तसाच माणूस बरा. माझ्यावर खूश असलेल्या चौघांनी तो नकाशा पाहिला होता. एकालाही दार दिसलं नाही." मग बोट वर करून म्हणाली, "फक्त त्याच दिवशी सांगायचं."

हेवा संपला का? कुठला! निवासाचं उद्घाटन झालं तेव्हा तिच्या हातात फुलं होती, आणि थोरले मागच्या रांगेत बसून ती फुलं कशी बेताचीच आहेत हे बायकोला समजावत होते. बायको म्हणाली, "हेवा करा, पण जरा हळू आवाजात करा."

थोरले आता निवृत्त आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला ते ऑफिसात येतात, दहाव्या पायरीवर अजूनही अडखळतात, मोजपट्टीच्या समोरच्या खुर्चीत बसतात आणि तिचे नकाशे तपासून कोपऱ्यात तारीख टाकतात. आता ते ती शाईने टाकतात.