फाटकं उघडेपर्यंत

मुलीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांना भेटायला निघालो होतो आणि एरी सरोवराच्या काठाकाठाने निम्मा रस्ता कापला होता, तेव्हा तिचा फोन आला. नवरा गाडी चालवत होता, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"आई, एक सांगायचं राहिलं. त्याच्या बाबांना माहीत आहे, पण आईंना अजून सांगितलेलं नाही. तो या वीकेंडला सांगणार आहे."

"काय सांगितलेलं नाही? आपण बौद्ध आहोत हे?"

"हो. प्लीज, डोन्ट मेक इट अ थिंग. तो सांगेल."

नवऱ्याने पुढच्या एक्झिटला गाडी बाहेर काढली आणि पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात थांबवली. बराच वेळ त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "परत फिरायचं का?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. मुलगी तिथे पोचलेली होती, तिला एकटीला त्या टेबलाशी बसवणं मला जमलं नसतं.

आम्ही मूळचे नागपूरचे. मुलगी प्राथमिक शाळेत असल्यापासून मिशिगनमधल्या नोव्हायला राहतो. मी गाड्यांच्या ब्रेकची चाचणी करणारी इंजिनियर. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. मुलाचे आईवडील पुण्याचे, आता न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत. दोन्ही घरांना सारखं ड्राइव्ह पडावं म्हणून मुलांनी मधलं ठिकाण शोधलं होतं: न्यूयॉर्क राज्यातलं कालव्याकाठचं एक जुनं शहर आणि तिथलं त्याहून देखणं जुनं हॉटेल.

हॉटेल खरोखरच सुंदर होतं. आत शिरताच संगमरवरी जिना, वर मोठं झुंबर, पावलांचा आवाज गिळून टाकणारे गालिचे. खोलीच्या उंच खिडक्यांतून खाली कालवा दिसायचा. एरवी मी अशा ठिकाणी पलंगावर आडवी पडून छत बघत राहिले असते. त्या दिवशी मी बॅगसुद्धा उघडली नाही. खोलीत बसून कोण काय विचारेल आणि मी काय सांगेन याची जुळवाजुळव करत राहिले.

मुलाची आई लॉबीत भेटली आणि तिने मला मिठीच मारली. सोबत डब्यात घरचे बेसनाचे लाडू आणले होते. मोकळी, बोलकी बाई. "विहीणबाई, आता तुम्ही आणि मी मिळून या दोघांना सरळ करायचं," म्हणाली. ती मला आवडली, आणि त्यामुळेच सगळं अवघड झालं. तिचे यजमान माझ्या नवऱ्याशी हवेबद्दल, रस्त्यांबद्दल बोलत होते, पण माझ्याकडे बघायचं टाळत होते. मुलगा आईच्या मागे उभा राहून फोनमध्ये डोकं घालून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर तिने मला हॉटेलचा बॉलरूम बघायला नेलं. तिथल्या मॅनेजरबाईंना तिने इंग्रजीत विचारलं, की लग्नाच्या वेळी इथे छोटा होम पेटवता येईल का. मॅनेजरबाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, आत उघडी आग चालणार नाही, बाहेर हिरवळीवर बघता येईल.

"मग हिरवळीवर करू," ती माझ्याकडे वळली. "तुमचे गुरुजी आहेत का कुणी? नाहीतर आमचे येतील एडिसनहून. आणि तुमचं कुलदैवत कोणतं, तेही सांगून ठेवा."

"बघू," एवढंच मी म्हणाले.

दुपारी सगळे कालव्याच्या बोटीत बसलो. ही बोट लॉकमधून जाते. लॉक म्हणजे दोन प्रचंड फाटकांमधला दगडी हौद. बोट आत आली की दोन्हीकडची फाटकं बंद करतात आणि पाणी सोडून देतात, म्हणजे बोट हळूहळू खालच्या पातळीला उतरते. मुलगी आणि मुलगा पुढच्या बाकावर होते. ती त्याला कोपराने ढोसत होती, तो मान हलवत होता. मला कळलं, तो आज सांगणार नाही. उद्याही नाही.

मागचं फाटक बंद झालं. बोट खाली जायला लागली. दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या, ओल्या भिंती वर वर चढत गेल्या. माझ्या शेजारी मुलाच्या आईचं चालूच होतं, मेहंदी कुठे, हळद कुठे, पुण्याहून कोण कोण येणार.

"एक सांगायचंय," मी म्हणाले. "आमच्याकडे होम नसतो. गुरुजी नसतात. कुलदैवतही नाही. आम्ही बौद्ध आहोत."

तिने आधी हसून माझ्याकडे बघितलं, बहुधा ऐकू आलं नसावं असं वाटून. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले.

"तुमच्याकडे बघून वाटत नाही हो," ती म्हणाली.

"कसं वाटायला हवं होतं?"

बोटवाला माइकवरून सांगत होता, की पूर्वी काठावरून खेचरं या बोटी ओढत. मुलीची पाठ ताठ झालेली मला दिसली. तिने ऐकलं होतं. नवऱ्याने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. उठून जावं असं वाटत होतं, पण जाणार कुठे, चारही बाजूंना दगड.

मग मुलाची आई मागे वळून आपल्या यजमानांना म्हणाली, "ऐकलंत का?"

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

तिने मुलाकडे बघितलं, त्याने मान खाली घातली. "म्हणजे सगळ्यांना माहीत, फक्त मलाच नाही. आणि मी वेड्यासारखी होमाची चौकशी करत फिरतेय." तिचा आवाज फाटला. पुढचं फाटक उघडलं आणि बोट बाहेर पडली.

रात्री ती जेवायला आली नाही. मुलगा दोनदा वर जाऊन आला. पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिची प्लेट तशीच मांडलेली होती. वेटरने ती उचलायची का म्हणून विचारलं, तेव्हा तिचे यजमान म्हणाले, "राहू दे." माझ्या मुलीने काहीच खाल्लं नाही.

सकाळी मी चहा घेऊन कालव्याकडच्या व्हरांड्यात बसले होते. मुलाची आई आली आणि न विचारता समोरच्या खुर्चीत बसली. डोळे सुजलेले होते.

"काल जे बोलले ते चुकलं," ती म्हणाली. "पण खोटं नाही बोलत, मला वेळ लागेल. आमच्याकडे असं कुणी केलेलं नाही. माझ्या बहिणींना काय सांगू, हेच रात्रभर डोक्यात होतं."

मी कप खाली ठेवला. "वेळ घ्या. पण तो तुमच्या घरी घ्या, माझ्या मुलीच्या तोंडावर नको. ती तुमच्याकडे परीक्षा द्यायला येणार नाहीये."

ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली. ते बरं कशाला होतं, मला त्या वेळी कळलं नाही. परतीच्या रस्त्यावर नवऱ्याने विचारलं, "आता काय होईल?"

पुढचे काही महिने मुलीचा फोन आला की मी हातातलं काम टाकून उचलायची. मध्ये एकदा दोघांनी लग्न कॅन्सल केलं, मग पुन्हा ठरवलं. थंडी संपताना एके दिवशी तिने, मुलाच्या आईने, स्वतः मला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "तुमच्यात लग्नात पांढरं नेसतात ना?" मी हो म्हटलं.

लग्न, मुलं राहतात तिथे, बॉस्टनजवळच्या एका साध्या हॉलमध्ये झालं. त्रिशरण आणि पंचशील म्हणताना मुलाची आई सगळ्यांसोबत उभी होती. तिचे ओठ हलत नव्हते, पण ती शेवटपर्यंत उभी राहिली. पुण्याहून तिची एकही बहीण आली नाही.

गेल्या सुट्टीत आम्ही पार्सिपनीला गेलो होतो. ती आणि मी स्वयंपाकघरात मटार सोलत होतो, तेवढ्यात तिच्या थोरल्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. "ही कोण बसलीय शेजारी?" बहिणीने विचारलं.

"माझी विहीण. नागपूरच्या आहेत."

"नागपूरच्या म्हणजे कोण?"

"नागपूरच्याच," ती म्हणाली आणि फोन जरासा माझ्यापासून वळवला. मी मटार सोलत राहिले.

माझी मुलगी सिंकपाशी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला, ओल्या हातांनीच येऊन फोनसमोर उभी राहिली. "मावशी, आम्ही बौद्ध आहोत," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जेवायला बोलवावं तशी.

पलीकडून मावशींनी विचारलं, तुमच्याकडे थंडी किती आहे. माझ्या विहीणबाईंनी मीही दिसेन असा फोन सरळ केला आणि सांगितलं, यंदा बर्फ फार पडलाय.