कवितेनं पुसलेला बूट

माझ्या कवितेच्या पानानं सरांनी बुटाचा चिखल पुसला. आधी डावा, मग उजवा. बूट असे चकाचक झाले की त्यांत बारामती ते डाळज रस्ता खड्ड्यांसकट दिसावा. पान चुरगाळून त्यांनी होडीच्या तळाशी टाकलं. पोरं हसली. इतकी हसली की धरणाचं पाणी दोन बोटं वर चढलं असेल.

'नवकविता आणि निसर्ग' शिकवायला सर बारामतीहून विद्यार्थी घेऊन आले होते. आमच्या डाळजला, धरणाच्या काठाला, थंडीत, अग्निपंख म्हणजे फ्लेमिंगो बघायला. होडी माझी. तीन वर्षं मी याच सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. त्यांनी ओळखलं नाही. मीही सांगितलं नाही.

पाण्याच्या मधोमध सरांनी स्वतःची कविता म्हटली. तिच्यातला अग्निपंख जन्मतःच ज्वाळेसारखा. मी वल्हं मारता मारता बोलून गेलो, "सर, पिल्लू राखाडी असतंय. ती बघा, कडंची. रंग मागनं येतोय. चिखलातलं खाऊन."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आडनाव काय रे तुझं?"

सांगितलं.

"अच्छा."

त्या एका अच्छात माझ्या सात पिढ्यांची जनगणना झाली.

तेवढ्यात एका पोरीनं माझ्या डब्यामागची वही उचलली. "सर, हा पण लिहितो." सरांनी पहिलंच पान मोठ्यानं वाचलं. आमच्या बोलीचे हेल काढून, सोंगाड्यासारखं. त्या पानात राखाडी पिल्लं होती, आणि गाळात गुडघाभर उभं राहून मासे वेचणारी माझी आई. पिल्लांना चढतो तो रंग तिच्या पायांना का चढत नाही, एवढंच मी विचारलं होतं.

"ही कविता नव्हे, गाऱ्हाणं आहे," सर पोरांना म्हणाले. "यांच्याकडे अनुभव असतो. कल्पनाशक्ती मागून येत नाही, ती जन्मतःच लागते."

मग पान फाडलं. बूट पुसले.

"चल, आता पक्षी उडव."

आमच्यात रिवाज आहे. पाहुण्यांना फोटो हवा म्हणून आम्ही वल्हं होडीच्या काठावर आपटतो. खाणं टाकून अख्खं आभाळ उठतं. मीही आपटलंय. शंभरदा, हजारदा. कुणी 'वा' म्हटलं की छाती फुगवून. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

त्या दिवशी वल्हं उचललं आणि हात थांबला. पिल्लं चोच खाली घालून चिखल चाळत होती. त्यांचा रंग अजून यायचा होता. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"न्हाय वाजवणार."

"काय म्हणालास?"

"खाऊ द्या त्यांना."

सर उभे राहिले, टाळ्या पिटल्या. होडी डुचमळली, तसे मटकन बसले. पक्षी ढिम्म. "तुझी होडी इथं पुन्हा दिसली तर बघ," ते म्हणाले. मी होडी काठाकडं वळवली.

तक्रार केलीच त्यांनी. माझ्या होडीवर बंदी आली, दोन महिने ती काठावर उपडी पडली. तिच्या सावलीत बसून मी वही भरली.

ते चुरगाळलेलं पान मी होडीच्या तळातनं उचलून, वाळवून पुन्हा वहीत पहिलं लावलंय, चिखलासकट. कुठंही कविता वाचायला उभा राहिलो की आधी ते वर धरतो. मग आडनाव सांगतो, कुणी विचारायच्या आधी. आणि वल्हं पाण्यात चालवतो. ते आता कुणासाठीही आपटायचं नाही.