एकच मोटार

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला आमचं चहा-नाष्ट्याचं हॉटेल. गल्ल्याजवळ बसून वाढलेल्या पोरीला माणसाच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघायची सवय लागते. शहाणपण म्हणा की खोड म्हणा, मी कुणावर जल्दी विश्वास ठेवत नाही. आई म्हणते, ही देवाच्या प्रसादाचाही वास घेऊन बघेल. बघते. बिघडलं कुठं?

जालन्याला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमची टीम रोबोटच्या स्पर्धेत उतरली आणि मला कॅप्टन केलं. वाळूनं भरलेले डबे जमिनीवरून उचलून फळीवर ठेवायचे, एवढंच काम. चाकांचं दोघा पोरांनी घेतलं. डबे उचलणारा हात माझ्याकडं आणि माझ्या रूममेटकडं आला. ती वाटूरची. हाताला एकच मोटार लावायची, हा नियम. लबाडी सापडली तर टीम बाद, आणि ज्यानं केली त्याच्यावर कॉलेज काय ते बघून घेणार, असं आमच्या सरांनी आधीच सुनावलं होतं.

आमचा हात काही उचलेना. रिकामा असला की वर जायचा, डबा धरला की मोटार नुसती गुरगुरायची, आणि बटण सोडलं की धाडकन खाली. मोठी मोटार लावावी तर रोबोटचं वजन नियमाबाहेर जायचं, हात आखूड करावा तर फळीपर्यंत पोचायचा नाही. गणितं करून करून माझं डोकं उठलं. शेवटी एका शनिवारी ती म्हणाली, मी गावाकडं नेते, बघते काही होतंय का. पोत्यात घालून एसटीनं घेऊन गेली. सोमवारी आणला तेव्हा हात ज्यावर बसवला होता त्या उभ्या पाइपाला वरून पत्र्याचं झाकण आलेलं, स्क्रूंवर रंग मारलेला. डबा लावून बटण दाबलं, तर हात डबा घेऊन आरामात वर गेला.

पोरं टाळ्या वाजवून राह्यली आणि मी वाकून मोटार बघायला लागले. तीच मोटार, तीच बॅटरी, मग एवढं बळ आलं कुठून? त्यात हिच्या मामाचं परतूरला विजेच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. झाकणाखाली काय आहे म्हणून विचारलं, तर ही हसली. "तू इंजिनीअर ना? ओळख की."

ओळख की म्हणे! ज्याला लपवायचं नसतं तो असं बोलतो का? कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी शोध सुरू केला. आमच्या खोलीखालच्या किराणा दुकानाच्या काट्यावर हात तोलला, तर वजन थोडं वाढलेलं. बघा! पाइपाला कान लावून मोटार चालवली, आवाज एकीचाच आला. आत दुसरी असेल, दोन्ही एका सुरात फिरत असतील, मन म्हणालं. मीटर लावला तर करंट पहिल्यापेक्षा कमी. दुसरी कुणी असती तर तिथंच निवांत झाली असती. मला वाटलं, मोटारीबरोबर आत बॅटरीही कोंबलीय हिनं. आणि आता बटण सोडलं तरी हात खाली पडत नव्हता, जिथल्या तिथं थांबायचा. मेलं भूत शिरल्यासारखं! ती मात्र रोज संध्याकाळी मला विचारायची, ओळखलंस का. मी नाही म्हटलं की खूश व्हायची. तिचं ते खूश होणं मला बिलकुल आवडत नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी तपासणी करणाऱ्या सरांनी हात वरखाली करून पाहिला, मोटारीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. एवढीशी मोटार हे वजन कसं उचलते, आत आणखी एक तर नाही ना, त्यांनी विचारलं. त्यांचं बोट झाकणावर होतं. झाकण निघालं की सगळ्यांसमोर हिची अब्रू जाणार, कॉलेजही सोडणार नाही. मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही येत होती. जन्मात कुणाची हमी घेतली नव्हती, ती मी तिथं घेतली.

"एकच आहे, सर. माझी जबाबदारी."

सर झाकणावरचं बोट काढून पुढच्या टीमकडं गेले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिनं मला गच्च मिठी मारली. मी कधी ओळखलं, तिला सांगितलं का नाही, एकामागून एक प्रश्न. मग खाली बसून तिनं स्वतःच झाकण काढून दाखवलं. आत मोटारसायकलच्या ट्यूबच्या काळ्या पट्ट्या. तिचे वडील कॅरिअरला दुधाचे कॅन बांधतात, तसल्याच. हात खाली गेला की पट्ट्या ताणल्या जायच्या, वर जाताना त्याच ओढून घ्यायच्या. निम्मं वजन रबरच उचलत होतं.

"अगं बाई, रबर!" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिचा हात थांबला. "तुला म्हाईत नव्हतं?"

"न्हाई."

"मंग एकच मोटार हाय म्हणून कसं काय सांगितलंस?"

मला वाटलं, हिला बरं वाटेल. म्हणून मी खरं तेच सांगितलं, आणि जरा ऐटीतच सांगितलं. "तुला वाचवायला."

तिनं पट्ट्या सारख्या केल्या. झाकण जागेवर बसवलं, एकेक स्क्रू बराबर आवळला. आतून आमच्या टीमचा नंबर पुकारला. रोबोट उचलून ती उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "भरोसा असता ना, तर तू म्हणली असतीस, उघडून बघा सर."