बंद दाराआडची फजर

मी गाव सोडलं त्या सकाळी अब्बा एसटीपर्यंतसुद्धा आले नाहीत. फाटकाशी उभे राहिले आणि म्हणाले, “पोचलीस की आधी बघ, घर कुठल्या बाजूला आहे.” झालं. इतरांचे बाप रडतात, दुआ पढून लेकीच्या डोक्यावर फुंकर मारतात. माझ्या बापाने दिशा सांगायला सांगितली. मागे अम्मा ओढणीला नाक पुसत होती आणि मी नव्या बॅगेचं चाक मातीतून ओढत होते. तेव्हा मला अब्बांचा रागच आला होता.

नवरा, इक्बाल, आधीपासूनच अमिरातीत, फुजैरात होता, जहाजांना तेल भरून देणाऱ्या टर्मिनलवर. दोन दिवसांनी मी त्याच्या फ्लॅटच्या गच्चीवर जाऊन खरंच बघितलं. इथे समुद्र पूर्वेला. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, इथे समुद्रातून वर येतो, आणि पाणी तेच. किब्ल्याकडे, म्हणजे मक्केकडे, तोंड करून उभं राहिलं की आपलं गाव पाठीमागे, डाव्या खांद्याच्या बाजूला. फोनवर तसं सांगितलं. अब्बा “बरोबर” म्हणाले आणि फोन अम्माच्या हातात दिला.

हे मी तुम्हा गावात राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या दोहा-कुवेत-शारजात पांगलेल्यांसाठीही. तुम्ही सगळे अब्बांना ओळखता. त्यांच्याबद्दल तुम्ही जे बोलत होता, तेही मला माहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अब्बा एकाहत्तरच्या युद्धात बॉम्बर विमानात होते. गावाने त्यांचं नाव ‘पायलट’ पाडलं आणि ते आयुष्यभर “पायलट नव्हे, नॅव्हिगेटर” अशी दुरुस्ती करत राहिले. विमान दोघांचं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने रस्ता सांगायचा आणि वेळ आली की पुढे नाकात पालथं पडून नेम धरायचा. ते विमान सीमेपलीकडे पडलं. पायलट गेले, अब्बा पकडले गेले. वर्षभराने कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा परत आले, ते उजवा गुडघा न वाकणारा घेऊन. मग हायस्कुलात गणित शिकवलं. तुमच्यातल्या निम्म्यांना त्यांनी भूमितीत नापास केलं असेल.

तिथलं ते काही बोलत नसत. अम्माने घरात नियम केला होता, “त्यांच्यासमोर त्या मुलखाचं नाव काढायचं नाही.” क्रिकेटची मॅच असली की आमचा टीव्ही बिघडायचा. आणि दुसरी गोष्ट, जी सगळ्या गावाला खटकायची, ती म्हणजे अब्बा फजरच्या नमाजाला मशिदीत यायचे नाहीत. बाकीच्या चार वेळा पहिल्या रांगेत खुर्ची टाकून हजर. पहाटेची तेवढी घरी, खोलीत, आतून कडी लावून. कुणी म्हणायचं, साहेबाला झोप प्यारी. कुणी म्हणायचं, पाकिस्तानात जाऊन नमाज विसरून आला. हे दुसरं मी शाळेत असताना किराणा दुकानात ऐकलं आणि तेल न घेताच घरी आले.

फुजैरात आल्यावर अम्माचा नियम पाळणं म्हणजे चेष्टाच होती. टॅक्सीवाला पेशावरचा, एसी दुरुस्त करणारा मुलतानचा, न्हावी सियालकोटचा. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचा अकाउंटंट लाहोरचा आणि त्याच्या बायकोने केलेला हलवा दर शुक्रवारी माझ्या ड्रॉवरमध्ये. फोनवर मी हे काही सांगायची नाही. “शेजार चांगला आहे” एवढंच. इथे माणूस देशावरून नाही, पार्किंगवरून भांडतो, हे आपल्या गावाला कसं पटवणार?

आणि शेजार खरंच चांगला होता. समोरच्या दारात जुबेदाखाला. पहिल्यांदा लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा मी इक्बालला फोनवर आपल्या बोलीत झापत होते. त्यांनी कान टवकारले आणि विचारलं, “गाव कंचा तुजा?” मी सांगितलं. म्हणाल्या, “म्हंजे खाडीपलीकडं आमचा.” मी आनंदाने त्यांना मिठीच मारली. मग कळलं की खाडीपलीकडचं गाव त्यांच्या आजोबांचं. त्यांनी स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं, कारण जन्म कराचीचा, पासपोर्ट तिथला. पण बोली आपल्या आजीची, जुनी, हिंदी सिरियलींनी न बाटलेली. ईदला त्यांची सांदणं आली की मी ती फोटो काढून अम्माला पाठवायची. अम्मा विचारायची, कुठली गं ती? मी म्हणायची, खाडीपलीकडची. यात खोटं काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी अम्मा गेली. अब्बा त्या घरात एकटे. पायरीवरून एकदा पडले, शेजाऱ्यांना दुपारी कळलं. मी जाऊन त्यांना जवळजवळ उचलूनच इथे आणलं. ते म्हणाले, रमजानपर्यंत राहतो, मग परत. मी म्हटलं, इन्शाल्ला, आणि मनात ठरवलं की काही झालं तरी परत पाठवायचं नाही. तिथे ते एकटे मेले असते, इतकं ते सरळ होतं. पण समोरच्या दारात कराची होती आणि हे कळल्यावर अब्बा बॅग भरतील याची मला खात्री होती. अम्माचा नियम माझ्या हाडांत भिनला होता.

आल्या दिवसापासून अब्बांची फजर इथेही तशीच, खोलीत, कडी लावून. खालाकडून सांदणं आली, अब्बांनी तीन खाल्ली आणि विचारलं, “कुणी केली?” मी म्हटलं, समोरच्या खालांनी, खाडीपलीकडच्या. “हात जुना आहे,” ते म्हणाले. पुढे खाला स्वतः यायला लागल्या. दोघं आपल्या बोलीत मासळीवर वाद घालायचे. मी चहा ठेवायची आणि विषय भरकटू नये म्हणून मधेमधे काहीतरी बोलत बसायची. माझ्या आयुष्यातला सर्वांत थकवणारा महिना तो.

उघड केलं माझ्या लेकीने. सना इथेच वाढली, आता कॉलेजात आहे, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. एका दुपारी अब्बा तिला म्हणाले की खालाचं गाव आमच्या घरून दिसतं, कधी घेऊन जाऊ. सना मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “बट नाना, खाला इज फ्रॉम कराची. शी कान्ट गेट अ व्हिसा. यू डिडन्ट नो?”

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. उठले, खोलीत गेले आणि कडी लावली. मी इक्बालला फोन केला, खलास, आता तिकीट मागतील म्हणून. रात्री ते जेवायला आले नाहीत.

सकाळी नाश्त्यानंतर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, काठी घेतली आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. मी मागोमाग गेले. खालाचा मुलगा नदीम ऑफिसला निघाला होता, तोही थांबला. अब्बा खुर्चीत बसले आणि खालांना म्हणाले, “एक विचारायचंय. तुमच्या कराचीत आपले कोकणी लोक एकमेकांना ओळखतात?”

खाला म्हणाल्या, “समदे वळखतात. नको तितकं.”

मग अब्बांनी सांगितलं, सावकाश, गणित सोडवावं तसं.

ते पॅराशूटने एका शेतात उतरले. पहाटे गावकऱ्यांनी घेरलं. बॉम्ब टाकायला आलेला माणूस, लोक संतापलेले. अब्बांनी सांगितलं की मी मुसलमान आहे. कुणाला पटेना. कलमा पढले, तर म्हणाले, तो काय, जासूस शिकून येतात. शेवटी म्हणाले, नमाज पढके दिखा. फजरची वेळ होतीच. अब्बा उभे राहिले आणि लहानपणापासून जशी पढत आले तशी पढले.

इथे जरा समजावून सांगायला हवं. आपण कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. फजरच्या दुसऱ्या रकातीत, म्हणजे दुसऱ्या आवर्तनात, रुकूत वाकून उठल्यावर आपण लगेच कपाळ टेकायला सजद्यात जात नाही. उभ्याउभ्या हात वर करून दुआ मागतो, तीच कुनूत. उत्तरेकडे बहुतेक सगळे हनफी, ते फजरला असं करत नाहीत. आपल्या गावात जी गोष्ट चार वर्षांचं पोरही करतं, ती त्या गावात कुणी पाहिलेली नव्हती.

“मी हात वर केले,” अब्बा म्हणाले, “आणि मागून कुणीतरी ओरडला, ‘झूठा है! ये कौन-सी नमाज है?’ कुनूत पुरी झाली नाही. गुडघा तेव्हाच गेला.”

थोड्या वेळाने फौजेचे लोक आले आणि त्यांना सोडवून घेऊन गेले. मग लष्करी हॉस्पिटल. दाराशी पहारा. तिथे एका पहाटे ते खाटेवर बसूनच फजर पढत होते. कुनूतला हात वर गेले आणि लक्षात आलं की डॉक्टर शेजारी येऊन थांबला आहे. अब्बांना वाटलं, आता पुन्हा. पण डॉक्टर सलाम फिरवून नमाज संपेपर्यंत गप्प उभा राहिला. मग तपासायला वाकला आणि अगदी हळू विचारलं, “गाव कंचा तुजा?”

खालांनी हातातला पेला खाली ठेवला.

“दुसऱ्या दिवशी,” अब्बा म्हणाले, “त्याने माझ्या खाटेशेजारी चादर अंथरली आणि पहारेकऱ्यांसमोर माझ्याबरोबर फजर पढला. कुनूतला त्यानेही हात वर केले. त्यानंतर मला खोटा मुसलमान कुणी म्हणालं नाही. मला तिथून कैद्यांच्या छावणीत हलवलं तेव्हा तो एवढंच बोलला, ‘कुनाला सांगू नको. तुला थंय राहायचा हाय, मला हंय.’”

म्हणून ते बोलले नाहीत. परत आल्यावर हवाई दलातल्या साहेबांनी विचारलं, तिथे कुणी खास वागवलं का? अब्बा म्हणाले, नाही. मुसलमान नावाचा माणूस, शत्रूच्या देशात आपल्या बोलीचा दोस्त, याचा अर्थ कोण कसा लावील? आणि तिकडे त्या डॉक्टरचं काय झालं असतं? त्याचं नावही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ठाऊक असतं तर कुठेतरी तोंडून गेलं असतं, म्हणाले. आणि फजरला रांगेत उभं राहून हात वर केले की पाठीमागून ती आरोळी ऐकू यायची. आपल्याच मशिदीत, आपल्याच लोकांत. म्हणून कडी.

मी पन्नाशीची बाई, नदीमसमोर ढसाढसा रडले. अब्बांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांना उत्तर हवं होतं. “जिवंत असेल तर सलाम पोचवा,” ते खालांना म्हणाले, “नसेल तर तसं कळवा.”

खालांनी कराचीला फोन लावले. पुढचे काही दिवस आमच्या जिन्यात कुणाचा मामा, कुणाचा साडू, कोण कुठल्या मोहल्ल्यात, एवढंच चालू होतं. शेवटी खाला आल्या त्या ओशाळून. त्या वेळी फौजेत आपले डॉक्टर दोन होते. दोघंही वारले. एक बऱ्याच वर्षांपूर्वी, एक अलीकडे. अब्बांचा कुठला, ते कुणालाच सांगता येईना.

अब्बा म्हणाले, “दोघांसाठी पढू. एक जास्त झाला तर काही बिघडत नाही.”

समोर मयत नसताना जनाज्याची नमाज आपल्यात पढता येते, गायबाना. त्या शुक्रवारी आमच्या हॉलमधला सोफा बाजूला केला. अब्बा पुढे, मागे इक्बाल आणि नदीम, त्यांच्या मागे खाला, मी आणि जीन्सवर ओढणी घेतलेली सना. या नमाजात रुकू नाही, सजदा नाही, सगळी उभ्यानेच, म्हणून अब्बांनी खुर्ची घेतली नाही. नीयत करताना त्यांनी दोन्ही नावं घेतली. दार उघडंच राहिलं होतं. समोरून आलेला केरळी दूधवाला बाहेर पिशवी घेऊन खाली मान घालून उभा राहिला.

मग मी त्यांना विचारलं की हे लिहू का. म्हणाले, “लिही. डॉक्टर ज्याला सांगू नको म्हणाला होता, त्याने इतकी वर्षं सांगितलं नाही. आता ते दोघंही डॉक्टर गेले.” आणि नॅव्हिगेटर म्हण, पायलट नको, हेही बजावलं. म्हणून, किराणा दुकानातल्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी. अब्बा नमाज विसरले नव्हते.

रमजान होऊन गेला. तिकिटाचं नाव त्यांनी काढलेलं नाही, मीही काढत नाही. मधे एकदा सनाने विचारलं, “नाना, व्हिच साइड इज होम?” त्यांनी काठीने डाव्या खांद्यामागे दाखवलं, खिडकीतून समुद्राकडे. “अँड खालाज कराची?” “ते बरोबर मागे,” ते म्हणाले, आणि तिला कोनाचे अंश काढून दाखवायला बसले. तिने अर्ध्यात पळ काढला.

काल पहाटे मला जाग आली ती पॅसेजमधल्या उजेडाने. अब्बांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. ते खुर्चीवर बसून पढत होते, पाठ दाराकडे. मी हातपाय धुऊन, वजू करून त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांना कळलं असणार, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या रकातीत त्यांनी हात वर केले आणि मीही केले. घर कुठल्या बाजूला आहे हे मला आता कुणी विचारलं तर मी त्या दाराकडे बोट दाखवीन. कुनूत लांब असते. अब्बांनी ती शेवटपर्यंत पढली.