सावंतकाका कोच हवेत की नकोत?

मंडळींनो, मंडळाच्या फळ्यावर हे मीच लिहितोय, कारण आजच्या मीटिंगमध्ये सगळ्यांत जास्त मीच ओरडलो.

प्रश्न होता, आपल्या भांडुपच्या फुटबॉल टीमला सावंतकाका कोच म्हणून घ्यायचे का? काका गिरणीच्या टीममधून खेळलेले, पण तापट. हात वर करून मतं घेतली. सहा-सहा झाली. उरलो मी.

"नको! हे कोणाला बोलूच देत नाहीत," मी म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. मी मैदानात उतरलो की समोरच्या बिल्डिंगमधली त्यांची मुलगी गॅलरीत येते, मागोमाग काकाही. मला वाटायचं, पहारा देतात.

समोरच बसलेले काका शांतपणे म्हणाले, "नको तर नको. पण डाव्या पायाशी बॉल आला की तू घाबरतोस. उजव्यावर घेईपर्यंत समोरचा काढून नेतो. दोन वर्षं बघतोय रे!"

बाळ्या म्हणाला, "आणि याला वाटलं, जावई म्हणून बघतायत!"

काका सोडून सगळे हसले. कॉलेज सोडल्यापासून माझ्याकडे इतकं नीट कोणीच बघितलं नव्हतं यार. मी काकांच्या बाजूने हात वर केला.

काका, थँक्यू. उद्या सहाला मैदानात हजर.

आणि मित्रांनो, खरं सांगा, तुमच्याकडे असं कोण बघतंय?